निम्मी भरून ठेवायची

पडले मी न्हाणीघरात आणि गुन्हेगार ठरली स्कूटर. साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला, खुबा मोडला, मुलाने दार फोडून मला बाहेर काढलं. यात स्कूटर कुठून आली ते मला अजून कळलेलं नाही. ती बिचारी त्या वेळी खाली तळघरात स्टँडवर उभी होती. पण दवाखान्यात जो भेटायला येई तो आधी माझ्या पायाकडे बघे आणि मग म्हणे, "आता ती स्कूटर बंद करा हो." न्हाणीघर बंद करा असं एकही जण म्हणाला नाही.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. करत होते असं आमच्याकडे अलीकडे म्हणायला लागले होते, म्हणून मुद्दाम सांगते, करते. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, तेलाची बुदली, पट्टे, सुया, आणि लोकांच्या घरी, शिवणघरांत जाऊन जागेवर काम. लग्नाआधी वडिलांना म्हटलं होतं की मला हे शिकायचंय. ते म्हणाले, "बघू." मी त्यांच्या बघण्याची वाट बघितली नाही म्हणून शिकले. पुढे किती वर्षं पिशवी खांद्याला लावून बसच्या रांगेत काढली. मग ही विजेवरची छोटी स्कूटर घेतली. सीट उचलली की खाली बॅटरी, तिला कडी, ओढून वर काढायची आणि घरात नेऊन चार्जिंगला लावायची. तेव्हापासून मला कुठे जायचं असलं तर कुणाला विचारावं लागलं नाही. घरच्यांना स्कूटर खुपत होती ती यासाठी, पडण्यासाठी नव्हे.

ते "बघू" मात्र मी सासरीही चुकवू शकले नाही. आमच्या घरात "नाही" कुणी म्हणत नाही, वाईट दिसतं म्हणे. "बघू" म्हणतात. माझ्या नणंदेला नर्स व्हायचं होतं. सासरे म्हणाले, बघू. बघता बघता तिचं लग्न झालं. बाल्कनीच्या दाराचा खिळखिळा कडीकोयंडा बदलायचा होता, माझे यजमान म्हणाले, बघू. ते गेले, कडी अजून तशीच आहे. नाही म्हटलं तर माणूस भांडायला उठतो. बघू म्हटलं की तो बसून राहतो आणि गोष्ट आपोआप मरते. मुलगा या बाबतीत आजोबांवर गेलाय. स्वभावाने गरीब, कधी आवाज चढवणार नाही, पण गोगलगाय आणि पोटात पाय.

दवाखान्यातून मी पहिला फोन केला तो बॅटरीवाल्याला. चौकात त्याचं दुकान आहे, बोलायला लागला की थांबत नाही. फोन हातात धरवत नव्हता म्हणून स्पीकरवर ठेवला होता.

"मावशी, किती दिवस गाडी बंद राहणार?"

"डॉक्टर म्हणतात, काही महिने."

"मग ऐका. निम्मी भरून ठेवायची. पूर्ण भरून ठेवली तर आतल्या आत लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवली तर मरते. निम्मी. आणि गाडीतून काढून ठेवायची. गाडीला लावलेली राहिली की तो अलार्म, ते घड्याळ थेंब थेंब पीत बसतात, तुम्हाला कळतही नाही. साफ उतरली की गेली, मग तिला जबरदस्तीने उठवायच्या भानगडीत पडायचं नाही, धोका असतो."

"ठेवायची कुठे?"

"गार, कोरडी जागा. ऊन नको, गॅसजवळ नको, पलंगाखाली गाद्यागिरद्यांत नको, बाहेर जायच्या दाराजवळ तर मुळीच नको. महिना झाला की बॅटरीवरचं बटण दाबून दिवे बघायचे. एक कमी झाला की थोडी भरायची. फुगलेली वाटली, वास आला, तर हात लावू नका, मला बोलवा."

"आणि पूर्ण कधी भरायची?"

"पूर्ण भरायची निघायच्या आदल्या दिवशी."

ते वाक्य मला फार आवडलं. उशीवर डोकं टेकून मी ते दोनतीनदा मनात म्हटलं. मुलगा शेजारच्या स्टुलावर बसून सफरचंद कापत होता. त्याने हे सगळं माझ्याइतकंच ऐकलं. तसाही तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, वीज त्याला मी शिकवावी असं नाही. शहरभरच्या लिफ्ट चालू ठेवतो आणि स्वतःच्या आईला जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढवतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

घरी आल्यावर मी त्याच्याकडून बॅटरी वर आणवली. मागच्या छोट्या खोलीत ऊन येत नाही. तिथल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करवून घेतला आणि तिला तिथे बसवलं. पाचांपैकी तीन दिवे लागत होते, म्हणजे निम्म्याला जवळ.

"एवढं कशाला, आई?" तो म्हणाला. "आधी तू उभी तर राहा."

"मी उभी राहते, तू तिला आडवी पाडू नकोस," मी म्हटलं.

त्यानंतरचे दिवस मी पलंग, खुर्ची आणि संडास या तीन गावांत काढले. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिला मी व्यायामवाली म्हणायचे आणि मनातल्या मनात आणखीही काही म्हणायचे, कारण ती फार दुखवायची. पण तिने एक चांगलं केलं. तिने विचारलं, "तुम्हाला चालून कुठे जायचंय ते सांगा, तेवढंच आपण चालू." इतर लोक देवाला नाहीतर नातवंडांना भेटायला जायचं म्हणत असतील. मी म्हटलं, मागच्या खोलीतल्या कपाटापर्यंत. महिना उलटला तेव्हा वॉकर ढकलत गेले, कपाट उघडलं, बटण दाबलं. तीन दिवे. पुढच्या महिन्यात काठीवर गेले. तीन दिवे. ती आपल्या जागी धीर धरून बसली होती आणि मीही बसले होते, दोघी निम्म्या भरलेल्या.

अधूनमधून शिवणघरवालीचा फोन यायचा. तिच्याकडे ओळीने मशीनं आहेत आणि त्यांतलं एक जुनं धूड माझ्याशिवाय कुणाला दाद देत नाही. "ते बिघडलंय," ती म्हणाली. "दुसरा माणूस बोलावू का? तुम्ही सांगा, म्हणजे तसं."

"बोलाव की. त्याने उघडून ठेवलं की मग मला दुप्पट काम."

ती हसली. "झाकून ठेवते तर. तुम्ही याल ना?"

"येईन," मी म्हटलं. सून तेव्हा खोलीतच होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. ती शाळेत गणित शिकवते. तिच्या माहेरी भांडून मोकळे होतात, आमच्यासारखं धरून ठेवत नाहीत. त्यामुळे तिला काही लपवायचं असलं की ती अशीच बघते.

पुढचा महिना भरला तेव्हा मी कपाट उघडलं आणि कप्पा रिकामा होता.

मुलगा संध्याकाळी आला तोवर मी कपाटासमोरच खुर्ची टाकून बसले होते. म्हणाला, "अगं, खाली नेऊन गाडीत बसवली. घरात नको वाटते. किती बातम्या येतात, कुठेकुठे आगी लागतात."

"फुगली होती का?"

"नाही."

"वास येत होता?"

"नाही गं."

"मग आग काय तिला स्वप्नात दिसली? गाडीत राहिली तर उतरेल. वर आण."

"बघू," तो म्हणाला.

हा शब्द या घरात कुठे जाऊन पोचतो ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, बघू. रविवारी विचारलं, आज दमलोय, बघू. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तुम्ही त्यांनाच विचारा," आणि वह्या तपासायला बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारायची.

व्यायामवालीला मी जिन्याचं विचारलं. तिने एकच नियम सांगितला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. घराच्या दाराबाहेर चारपाच पायऱ्या तिने करूनही घेतल्या होत्या. "एकटीने मात्र नाही हं," ती म्हणाली. बरं, म्हटलं. मी खोटं बोलले.

एका दुपारी घरात कुणी नसताना मी फोन गळ्यात अडकवला, तळघराची किल्ली कमरेला खोचली, काठी घेतली आणि दार उघडलं. दुखरा पाय आधी. मग काठी टेकून चांगला. कठड्याचा लोखंडी पाइप इतका घट्ट धरला होता की तळहाताला गंज लागला. पहिल्या मजल्याच्या वळणावर एका घराचं दार अर्धं उघडं होतं, आतून फोडणीचा ठसका आला आणि मला शिंक आली. शिंकताना खुब्यातून कळ गेली ती डोळ्यांत आली. मी तिथेच पायरीवर बसले. परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण परत फिरायचं तर चढावं लागणार होतं, आणि चढण्यापेक्षा उतरणं सोपं, एवढ्या एका कारणासाठी मी पुढे गेले.

तळघरात गारवा होता. स्कूटरवर राखाडी कापड टाकून ते सुतळीने बांधलं होतं, मढ्यासारखं. सुतळी सोडली, कापड ओढलं. हँडलजवळ अलार्मचा लाल ठिपका लुकलुकत होता.

आता हे समजून घ्या. आमच्या तळघराला कुलूप आहे, त्यामुळे तो अलार्म मी कधीच लावत नव्हते. तो लावायचा तर किल्लीवरचं बटण मुद्दाम दाबून धरावं लागतं. आणि ती किल्ली मुलाकडे होती. त्याने बॅटरी नुसती गाडीत ठेवली नव्हती. तिला पिणारा शेजारी बसवून गेला होता. सीटला कुलूप नाही, ती उचलून बटण दाबलं. एक दिवा, तोही उघडझाप करणारा.

मला रडू आलं नाही, संताप आला. इतका की पायाचं दुखणं विसरले. तो काय करत होता ते मला लख्ख कळलं. मी बरी होईन, हट्ट धरीन, खाली जाऊ, बटण दाबू, आणि तो म्हणेल, "अरेरे, आई, ही तर मेली. आता नवीन घ्यायची म्हणजे, बघू." कुणी नाही म्हटलंच नाही. बॅटरीच मेली, त्याला कोण काय करणार.

मी जोडणी ओढून काढली, लाल ठिपका विझला. कडी धरून बॅटरी उचलायचा प्रयत्न केला. ती बोटभर उचलली गेली आणि पायाने सांगितलं, बाई, शहाणी असशील तर सोड. सोडली. तिथे कुणाचा तरी रिकामा प्लास्टिकचा क्रेट होता, तो काठीने ओढून उलटा केला आणि त्यावर बसले. मग मुलाला फोन लावला.

"मी खाली तळघरात आहे. तू येईपर्यंत इथून हलणार नाही."

तो काम टाकून धावत आला. घामाने निथळत होता. "खाली कशी आलीस तू?"

"पायांनी."

"आई, पडली असतीस तर?"

"तर पडले असते. ही बघ, एक दिवा राहिलाय."

त्याने बघितलं. "उतरली असेल आपोआप."

"अलार्म पण आपोआप लागला?"

त्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली की असेच व्हायचे. "चल, आधी तुला वर नेतो," तो म्हणाला. "मग तिला आणतो."

"आधी ती. बरोबरच चल, माझ्या मागे. मी तुझ्या डोळ्यांसमोर चढते आणि तू तिला उचलून आण."

अशी आमची वरात निघाली. चांगला पाय आधी. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता, बॅटरी बरीच जड असते. प्रत्येक वळणावर तो म्हणे, बस थोडी, आणि मी बसत नव्हते. वर पोचताच मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकले. सून नुकतीच शाळेतून आली होती, तिने आम्हा तिघांना बघितलं आणि दप्तर खाली ठेवलं.

"लाव चार्जिंगला," मी म्हटलं.

"लगेच नको," तो म्हणाला. "गार पडलीय. आधी घरातल्या हवेला येऊ दे, मग लावायची."

"हे बरं लक्षात आहे तुझ्या."

मग सूनच बोलली. त्याच्याकडे बघून म्हणाली, "सांगा ना त्यांना. मी किती दिवस सांगतेय, काय असेल ते सरळ तोंडावर सांगा. हे काय चोरासारखं."

स्वयंपाकघराच्या फरशीवर बॅटरी, भोवती आम्ही तिघं. तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"बघू म्हणू नकोस," मी म्हटलं. "आजोबांचा शब्द आजोबांबरोबर जाऊ दे."

"नाही," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "तू स्कूटर चालवायची नाही. मला नको आहे. त्या दिवशी दार फोडलं तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं, संपलं. मी रोज बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं काढतो, मला कधी काही होत नाही, आणि त्या दिवशी मला हातात पाण्याचा तांब्या धरवेना. तू रस्त्यावर असलीस की मी दिवसभर फोनकडे बघत बसणार. मला ते जमणार नाही, आई. नाही म्हणजे नाही."

त्या घरात त्या शब्दाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला त्याची दया आली, खरंच आली. माझंच पोर, एवढं घाबरलेलं, आणि मला ठाऊकही नव्हतं. उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं. पण पाय उठेनात, आणि उठले असते तर कदाचित मी हरले असते.

"नाही म्हणालास ते छान केलंस," मी म्हटलं. "आता मला भांडता येईल. ऐक. भीती तुझी आहे, पाय माझे आहेत. तुझ्या भीतीसाठी मी न्हाणीघरात जायचं बंद केलं नाही, तर रस्त्यावर जायचं कशाला करू? व्यायामवाली आणि डॉक्टर हो म्हणतील तोवर मी सीटला हात लावणार नाही, हा माझा शब्द. ते हो म्हणाले की मी जाईन. तू रडलास तरी जाईन. मारायचीच असेल तर ती बॅटरी माझ्यासमोर मार, चोरून नको."

"तू ऐकणार नाहीस."

"नाही."

"खुबा मोडला तरी पीळ तोच," सून म्हणाली, आणि चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं. ठेवताना बॅटरी पायाने हलकेच गॅसपासून लांब सरकवली.

चहा झाल्यावर त्याने बॅटरीला हात लावून बघितला, चार्जर आणला, जोडला. लावून निघून जायचं नसतं, म्हणून तो तिथेच भिंतीला टेकून बसला. मीही खुर्ची सोडली नाही. दिवा उघडझाप करत होता. घेते की नाही, अशी धाकधूक मलाही होती, चेहऱ्यावर दाखवली नाही इतकंच. मग तो स्थिर झाला. मागोमाग दुसरा आला. तिसरा दिवा लागला तसं त्याने स्वतःहून वायर काढली आणि बॅटरी मागच्या खोलीत कपाटात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याला बोलावून तपासूनही घेतली. तो म्हणाला, वाचली, थोडक्यात.

पुढचे महिने आमच्या घरात बरीच भांडणं झाली. सुनेला फार करमायला लागलं. मुलगा नाही म्हणायला शिकला तसा कशालाही नाही म्हणायला लागला, पण बाल्कनीची कडी बदलून झाली.

मग व्यायामवालीने मला एका पायावर उभं करून बघितलं, डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे उजेडात धरला, आणि दोघांनीही आपापल्या परीने सांगितलं, हळू, जवळच्या जवळ. घरी येऊन मी काठी कोपऱ्यात उभी केली. मुलगा जेवत होता.

"आज पूर्ण भर," मी म्हटलं.

त्याचा घास हातातच राहिला. तोंड उघडलं, सुनेने त्याच्याकडे बघितलं, तोंड मिटलं.

"मला पटलेलं नाही," तो म्हणाला.

"नको पटू दे. भर."

जेवून त्याने हात धुतले आणि बॅटरी आणली. सगळे दिवे लागेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिला.

सकाळी शिवणघरवालीला फोन केला, मशीनवरचं फडकं काढून ठेव. तळघरात त्याने बॅटरी बसवली, ब्रेक दोनदा दाबून बघितले, चाकांत हवा बघितली, माझ्या हेल्मेटचा पट्टा लहान मुलाचा लावावा तसा लावला. मी लावू दिला. पिशवी पुढच्या हुकला अडकवली. किल्ली फिरवली, तिने आवाजसुद्धा केला नाही.

तो फाटकापर्यंत शेजारून चालत आला. पुढे रस्ता होता, तिथे थांबला.

"परत कधी येशील?" त्याने विचारलं.

"बघू," मी म्हटलं, आणि निघाले.